दहा वर्षांचा पीसी उघडताना: कुठल्या स्लॉटमध्ये काय बसतं आणि का

जुना पीसी दुकानात नेला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "याच्यात आता काही होणार नाही, नवीन घ्या." २०१४ च्या आसपास घेतलेल्या, आय३-४१३० किंवा आय५-४४६० प्रोसेसर आणि एच८१ चिपसेटचा बोर्ड असलेल्या मशीनबद्दल हे उत्तर चुकीचं आहे. मराठी टायपिंग, हिशेब, ब्राउझर, व्हिडिओ, मुलांचे ऑनलाइन क्लास एवढ्या कामाला हे प्रोसेसर आजही पुरतात. अडतं ते दुसरीकडे, आणि जिथं अडतं तो भाग बदलता येतो. फक्त त्या जागी काय बसेल आणि काय बसणार नाही हे आधी कळायला हवं, आणि त्यासाठी मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डावरच्या, प्रत्येक स्लॉटचं जन्मसाल माहीत असलेलं बरं.

पैसे खर्च करण्याआधी कुठे अडतंय ते बघा. पीसी चालू करा, विंडोज आल्यावर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर पाच मिनिटं नजर ठेवा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून आणि सीपीयू १५-२० टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर रिकामा बसलाय आणि हार्ड डिस्कची वाट बघतोय. मेमरी नेहमीच्या कामातच ८५-९० टक्क्यांच्या वर जात असेल तर रॅम कमी पडतेय. रॅम कमी पडली की विंडोज तात्पुरता डेटा डिस्कवर लिहायला लागतं आणि आधीच दमलेली डिस्क आणखी दमते, त्यामुळे ही दोन्ही दुखणी सहसा जोडीनं दिसतात. सीपीयू सतत १०० टक्के असेल तर मात्र भाग बदलू नका, आधी कुठला प्रोग्रॅम तो खातोय ते शोधा. पुष्कळदा एकावर एक टाकलेले दोन अँटिव्हायरस निघतात.

डिस्क का अडते याचं गणित साधं आहे. घरगुती हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवा असलेला डेटा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा जातो, ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद झाले, म्हणजे विखुरलेल्या लहान फायली वाचायच्या असतील तर सेकंदाला जेमतेम ७५-८० वेळा. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वाचतं. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारं काही नाही, तिथं हाच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. प्रोसेसर कितीही नवा घ्या, तबकडीचा फेरा काही लवकर होणार नाही.

झाकण उघडतं, कारण कुणीतरी ते उघडं ठेवलं

भाग बदलता येणं ही गोष्ट पीसीच्या बाबतीत आपण गृहीत धरतो. ती सोय आपोआप आलेली नाही. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर आलेला अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संच होता. इंटेलचा ८०८० प्रोसेसर, मेमरी २५६ बाइट, ना कीबोर्ड ना पडदा. पण आत १०० पिनांचे स्लॉट होते, आणि त्यात बसणारी मेमरीची व इतर कार्डं दुसऱ्या लहान कंपन्याही बनवून विकायला लागल्या. १९७७ च्या ॲपल २ मध्ये स्टीव्ह वॉझ्नियाकनं आठ स्लॉट ठेवले आणि झाकण स्क्रूड्रायव्हरशिवाय उचलता येईल असं केलं.

आज आपल्या टेबलाखाली असलेल्या पीसीचा थेट पूर्वज मात्र १२ ऑगस्ट १९८१ चा, आयबीएम ५१५०. फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये डॉन एस्ट्रिजच्या हाताखालच्या छोट्या गटानं तो सुमारे वर्षभरात उभा केला. इतक्या कमी वेळात सगळं स्वतः बनवणं शक्यच नव्हतं, म्हणून भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ४.७७ मेगाहर्ट्झचा. फ्लॉपी ड्राइव्ह टँडन कंपनीचे. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून. सर्वात स्वस्त मॉडेल १,५६५ डॉलरचं, मेमरी १६ केबी आणि फ्लॉपी ड्राइव्हही नाही. बोर्डावर पाच स्लॉट होते. पडद्याचं कार्ड त्यात, फ्लॉपीचं कार्ड त्यात, ६४ केबीच्या वरची मेमरीही त्यातच. शिवाय आयबीएमनं टेक्निकल रेफरन्स नावाची जाड पुस्तिका विकायला ठेवली. तिच्यात सगळ्या सर्किटच्या आकृत्या होत्या आणि बायोस, म्हणजे पीसी सुरू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्रॅमसुद्धा, पूर्ण छापलेला होता.

बायोसवर कॉपीराइट होता, म्हणून तो उतरवून घेता येत नव्हता. कॉम्पॅकनं त्यावर मार्ग काढला. एका गटानं बायोस काय काय करतो याची यादी करायची, आणि मूळ प्रोग्रॅम कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटानं त्या यादीवरून नवा बायोस लिहायचा. कॉम्पॅकचा पोर्टेबल नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला. १९८४ मध्ये फीनिक्स कंपनी असाच बायोस इतरांना विकायला लागली आणि मग कुणीही आयबीएमसारखा पीसी बनवू शकत होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुढे जो असेंबल्ड पीसीचा धंदा फुलला, कॅबिनेट एका दुकानातून, बोर्ड दुसऱ्या आणि मॉनिटर तिसऱ्या, त्याची मुळं याच निर्णयात आहेत.

आपल्याशी याचा आणखी जवळचा संबंध आहे. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, काळात पीसीच्या पडद्यावर देवनागरी येत नव्हती. अक्षरं व्हिडिओ कार्डावरच्या चिपमध्ये असायची आणि त्यात जोडाक्षरांना जागाच नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं विकसित केलेलं जिस्ट तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपात आलं. ते पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही मराठी टाइप करता यायचं. बोका रॅटनमध्ये बसलेल्यांच्या मनात मराठी नक्कीच नव्हती. त्यांनी स्लॉट रिकामे ठेवले आणि त्यांची माहिती उघड केली, म्हणून आपली लिपी त्यात बसवता आली. पीसीच्या इतिहासातली मला ही सर्वात मोलाची गोष्ट वाटते.

आयबीएमनं नंतर झाकण लावून बघितलं. १९८७ च्या पीएस/२ मालिकेत मायक्रो चॅनल नावाचे नवे स्लॉट आणले आणि ते वापरायचे तर परवान्याचे पैसे मागितले. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये स्वतःचा वेगळा, जुनी कार्डं चालणारा स्लॉट जाहीर केला आणि मायक्रो चॅनल मागे पडला. त्या मालिकेतले कीबोर्ड-माउसचे गोल पोर्ट तेवढे टिकले. एच८१ च्या अनेक बोर्डांच्या मागे ते जांभळे-हिरवे पोर्ट आजही दिसतील.

उघडण्याआधी: वीज

१९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स हा नमुना आणला. बोर्डाच्या स्क्रूंच्या जागा, मागच्या पोर्टांची चौकट, एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, आकार, सगळं ठरून गेलं. त्याआधीच्या एटी बोर्डांना वीज देणारे दोन वेगळे कनेक्टर शेजारी शेजारी लागायचे आणि काळ्या तारा मधोमध येतील असेच लावावे लागायचे. उलट लावले की बोर्ड जळायचा. एटीएक्समध्ये एकच कनेक्टर आला, आधी २० पिनांचा, नंतर २४ चा, आणि तो उलटा बसतच नाही.

एटीएक्सनं आणखी एक गोष्ट बदलली. शटडाउन केल्यावरही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू ठेवतो, म्हणूनच नुसतं बटण दाबून पीसी सुरू होतो. याचा अर्थ शटडाउन केलेल्या पीसीत रॅम काढली किंवा बसवली तर चालू विजेत काम केल्यासारखंच आहे. भिंतीवरचं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात, तिथं बटण बंद असलं तरी फेज आत असतो. प्लग काढल्यावर पीसीचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे साठलेली वीज उतरेल. काम करताना अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर दिवा पेटतो, ही तक्रार सर्रास ऐकू येते. पीसी बिघडलेला असतोच असं नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन कपॅसिटर असतात. एक फेजपासून अर्थकडे, दुसरा न्यूट्रलपासून अर्थकडे. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट या दोघांच्या मध्ये लटकतं आणि त्यावर साधारण ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण यूएसबी पोर्ट आणि मॉनिटरची केबल यांना तो त्रास देतो. अपग्रेडच्या खर्चात पहिला खर्च अर्थिंगचा धरा. त्यासाठी इलेक्ट्रिशियन बोलवावा लागला तरी चालेल.

एसएसडी

एच८१ बोर्डावर सहसा चार साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, असतात. दोन ६ गिगाबिटचे, दोन ३ गिगाबिटचे. साटा हा प्रकार २००३ मध्ये आला आणि ६ गिगाबिटचा वेग २००९ मध्ये. बोर्डावर पोर्टांशेजारी बारीक अक्षरात क्रमांक छापलेले असतात, कुठले वेगवान ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघा. वेगवान पोर्टवर साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत वाचते, हळू पोर्टवर २७० च्या आसपास. त्याआधीच्या एच६१ बोर्डावर ६ गिगाबिटचे पोर्ट चिपसेटमध्ये नसतातच. तरीही एसएसडी टाकाच. रोजच्या वापरात जाणवतो तो लहान फायलींचा वेग, आणि तो तिथंही मिळतो.

दुकानात कुणी एनव्हीएमई एसएसडी (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेस या कार्डांच्या स्लॉटच्या वाटेनं चालणारी) पुढे केली तर या पिढीच्या बोर्डासाठी घेऊ नका. तिला लागणारा एम.२ स्लॉट बोर्डावर बहुधा नसतो. पीसीआय एक्सप्रेसच्या ॲडॉप्टर कार्डावर ती बसते आणि विंडोजमध्ये दिसतेही, पण बायोसमध्ये एनव्हीएमईचा प्रोग्रॅम नसल्यानं तिच्यावरून पीसी सुरू होत नाही. घ्यायची ती २.५ इंची साटा. घरासाठी २५६ जीबी चालते, ५०० जीबी असेल तर पुढची काळजी मिटते. २५६ ची विंडोजमध्ये २३८ दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. खरी फसवणूक वेगळी असते. अनोळखी नावाच्या अतिस्वस्त ड्राइव्हवर २ टीबी लिहिलेलं असतं आणि आत ६४ जीबीची चिप निघते. एच२टेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्रॅम पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतो. खोटी ड्राइव्ह त्यात उघडी पडते. वॉरंटीच्या मुदतीत हे करून घ्या.

एसएसडी लिहून लिहून संपते ही भीती घरगुती वापरात सोडून द्यावी. बॉक्सवर ८० टीबीडब्ल्यू लिहिलं असेल तर ८०,००० जीबी लिहिण्याची हमी आहे. रोज २० जीबी लिहिलं तरी ४,००० दिवस, म्हणजे अकरा वर्षं.

बसवताना स्क्रूकडे लक्ष द्या. ३.५ इंची हार्ड डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, एसएसडीला बारीक आट्यांचे एम३. जाड स्क्रू जोर लावून फिरवला की एसएसडीचे आटे गेले. २.५ इंचीची जागा कॅबिनेटमध्ये नसेल तर ब्रॅकेट मिळतं. तेही नसेल तर चांगल्या दुहेरी टेपनं कॅबिनेटच्या तळाला चिकटवलेली एसएसडीसुद्धा वर्षानुवर्षं चालते, कारण आत हलणारं काही नाही. साटा पॉवरचा कनेक्टर कमी पडला तर मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) साटा करणारी केबल घेताना प्लास्टिक ओतून बंद केलेला कनेक्टर टाळा. त्यात तारा आतल्या आत सरकून एकमेकींना लागतात आणि अशा केबल जळण्याचे प्रकार होतात. तारा दाबून बसवलेला, मागून उघडता येणारा कनेक्टर घ्या.

आता विंडोज. क्लोन करण्यापेक्षा, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करण्यापेक्षा, नवं टाकावं हे माझं स्पष्ट मत आहे. दहा वर्षांचा कचरा नव्या ड्राइव्हवर नेण्यात अर्थ नाही. विंडोज १० चं ॲक्टिव्हेशन मदरबोर्डशी बांधलेलं असतं, म्हणून डिस्क बदलली तरी ते जात नाही, बोर्ड बदलला तर जातं. इन्स्टॉल करताना तीन गोष्टी चुकतात.

पहिली: जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच ठेवणं. इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर बूटचं पार्टिशन सापडलं तर तो विंडोज एसएसडीवर टाकतो आणि सुरुवातीच्या फायली मात्र जुन्या डिस्कवर ठेवतो. पुढे कधीतरी जुनी डिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही आणि एसएसडी गेली असा समज होतो. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा, सगळं झाल्यावर लावा, आणि बायोसमध्ये बूटचा पहिला क्रमांक एसएसडीला द्या.

दुसरी: बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय असं पुढे लिहून. यूईएफआयवाला निवडा, ती सुरू होण्याची नवी पद्धत. नाहीतर जुन्या पद्धतीचं एमबीआर पार्टिशन तयार होतं आणि पुढे ते बदलायला डोकेफोड करावी लागते.

तिसरी: साटाचा मोड, म्हणजे बोर्डानं डिस्कशी बोलायची पद्धत. बायोसमध्ये तो आयडीई (जुनी पद्धत) असेल तर एएचसीआय (नवी) करा, आणि हे विंडोज टाकण्याआधीच करा. क्लोन केलेल्या विंडोजवर हा बदल सरळ केला तर निळा पडदा येतो, कारण एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला लोडच होत नाही. तेव्हा आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या प्रोग्रॅममध्ये सेफ बूट निवडायचं, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज येऊ द्यायचं, आणि मग सेफ बूट काढून टाकायचं.

रॅम

१९८१ च्या पीसीत मेमरी वाढवणं म्हणजे सुट्या चिप हातानं बसवणं होतं. प्रत्येक ओळीत १६ किलोबिटच्या नऊ चिप. आठ चिप डेटाच्या आणि नववी चूक पकडण्यासाठी. अशी एक ओळ भरली की १६ केबी झाले, चारही ओळी भरल्या की ६४ केबी, आणि बोर्ड भरला. चिपचा एखादा पाय सॉकेटमध्ये न जाता खाली दुमडला तर वरून पाहताना कळतही नसे. त्यानंतर बोर्डावरची बारीक डिप स्विचं खाली-वर करून किती मेमरी आहे ते मशीनला सांगावं लागायचं. पुढे चिप एका पट्टीवर आल्या. ३० पिनांची पट्टी, मग ७२, मग १६८. डीडीआरला १८४, डीडीआर२ आणि डीडीआर३ ला २४०, डीडीआर४ आणि ५ ला २८८. प्रत्येक पिढीची खाच मुद्दाम वेगळ्या जागी आहे, कारण व्होल्टेज वेगळं. डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, ती त्या स्लॉटची नाहीच.

एच८१ बोर्डावर दोन स्लॉट, कमाल १६ जीबी, डीडीआर३ १६००. डीडीआर३ आता नवी सहजासहजी मिळत नाही, बाजार जुन्या मालावर चालतो. त्यात एक सापळा आहे. स्वस्तातली ८ जीबीची काही पट्टी 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकली जाते. तिच्यावरच्या चिपची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डावर ती एकतर डिस्प्लेच येऊ देत नाही किंवा चुकीचा आकडा दाखवते. यादीत हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, घेताना विचारून घ्या. डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची पट्टी, चौथ्या पिढीच्या इंटेलवर, म्हणजे आपल्या या पीसींवर, बिनधास्त चालते.

एक ८ ची घेण्यापेक्षा दोन ४ च्या घ्या. एका स्लॉटच्या वाटेनं, म्हणजे चॅनलनं, सेकंदाला १२.८ जीबी जातात, दोन्ही भरले की २५.६. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच मेमरीतून खातं.

आणि रॅम घेण्याआधी विंडोजच्या सिस्टिमच्या पानावर बघा. तिथं ३२ बिट लिहिलं असेल तर ४ जीबीच्या वरची सगळी रॅम वाया जाईल. त्या काळात ३२ बिटची विंडोज टाकलेले कितीतरी पीसी आपल्याकडे आहेत आणि प्रोसेसर मात्र ६४ बिटचा आहे. अपग्रेड करून ते बदलत नाही, ६४ बिटची विंडोज नव्यानं टाकावी लागते. एसएसडी टाकताना तेच काम एकदम उरकतं.

कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळा संपता संपता 'फॅन फिरतो पण डिस्प्ले येत नाही' ही तक्रार येते. दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या पिनांवर थर चढतो. पट्टी काढून पांढऱ्या मऊ खोडरबरानं हलकेच पुसा, रबराचा चुरा ब्रशनं झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. जोरानं घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. परत बसवताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप वर येईपर्यंत दाबा. एकच खिट्टी लागली असेल तर पट्टी तिरकी बसली आहे. रॅम नवी असो वा जुनी, मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर ती पट्टी परत करा. 'एकच तर आहे' म्हणून ठेवलेली पट्टी महिन्याभरात फायली खराब करते.

बाकीचे भाग

बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी झाकण उघडं आहे तेवढ्यात बदला. बॅटरीवर सेटिंग जपण्याची पद्धत १९८४ च्या आयबीएम एटीपासून आहे. बॅटरी उतरली की तारीख मागे जाते, मग ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो, आणि साटाचा मोडही मूळ जागी परत जाऊ शकतो. तेव्हा लोक विंडोज फॉरमॅट मारतात आणि कारण तिथं नसतंच.

धूळ काढताना पंखा बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं सुसाट फिरलेला पंखा उलटी वीज तयार करतो आणि बेअरिंगही घासतं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असेल तर अल्कोहोलनं पुसून वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी लावा, कूलर दाबला की ती पसरते. इंटेलच्या कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीजोडीनं दाबा, प्रत्येकीचा खट् आवाज यायला हवा. बोर्ड मागून दिसत असेल तर चारही पांढऱ्या टोकांमधून काळी पिन बाहेर आली का बघा. एक जरी अर्धवट असेल तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि पीसी विनाकारण स्लो वाटतो.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचं असेल तर आधी एसएमपीएसचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातल्या ४५० वॅटवर जाऊ नका. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट, आणि प्रोसेसर व कार्ड दोघंही यातूनच खातात. पीसीआय एक्सप्रेसचा मोठा स्लॉट कार्डाला कमाल ७५ वॅट देतो. जीटी १०३० ला ३० वॅट पुरतात, जीटीएक्स १६५० च्या वेगळी पॉवर केबल न लागणाऱ्या आवृत्त्या ७५ मध्ये बसतात. आरएक्स ६४०० कागदावर ५३ वॅटचं आणि आकर्षक आहे, पण ते स्लॉटमधल्या डेटाच्या चारच वाटा, म्हणजे लेन, वापरतं. एच८१ बोर्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या वेगानं चालतो, चार लेनवर ते कार्ड गुदमरतं. या बोर्डासाठी ते घेऊ नये. खेळ खेळायचे नसतील तर कार्डाची गरजच नाही, ते पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये घाला. काही ब्रँडेड पीसींचा एसएमपीएस आणि त्याचा कनेक्टर एटीएक्सच्या नमुन्याबाहेरचा असतो. तिथं बदलण्याआधी जुना कनेक्टर मोजून, फोटो काढून दुकानात न्या.

प्रोसेसर बदलणं मी शेवटी ठेवीन. एलजीए११५० सॉकेटमध्ये आय७-४७७० बसतो, पण जुन्या बाजारात त्याला मागितली जाणारी किंमत बघून ते पैसे पुढच्या पीसीसाठी ठेवावेत असं वाटतं. करायचंच असेल तर आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट करा. या सॉकेटमध्ये पिना बोर्डाच्या बाजूला असतात. प्रोसेसर हातातून निसटून त्यावर पडला तर बोर्ड गेला समजा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या इंटेलपासून पुढे चालतं. पळवाटेनं ते चौथ्या पिढीवर टाकता येतं, पण मोठं अपडेट कधी नाकारलं जाईल याची खात्री नाही. ज्या पीसीवर बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार होतात तिथं मी ते सुचवणार नाही. नुसतं ब्राउझर, टायपिंग आणि व्हिडिओ असेल तर लिनक्स मिंट टाका. या हार्डवेअरवर त्याला वेगळे ड्रायव्हर शोधावे लागत नाहीत आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन निवडला की झालं. टॅली किंवा डिजिटल सहीचं डोंगल रोज लागत असेल, तर मात्र या मशीनवर खर्च करण्याआधी विचार करा. तिथं नवा पीसी घेणंच बरोबर ठरेल.

काढलेली हार्ड डिस्क टाकून देऊ नका. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत बघा. रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे (खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे शून्य असतील तर तीच डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये फोटो आणि बॅकअपसाठी ठेवा. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर आतलं सगळं आजच दुसरीकडे घ्या. बाहेरच्या केसमध्ये घालायची असेल तर ३.५ इंचीला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. कुणाला द्यायची असेल तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून काढा. १ टीबीला दोन-अडीच तास लागतात.